आकडा सुधारला, पण मूल? अत्यवस्थ मुलांवरच्या उपचारांचे संशोधन समजून घेताना

तापाने फणफणलेले तीन-चार वर्षांचे मूल रुग्णालयात येते. अंग भाजत असते, पण हातपाय गार पडलेले असतात. मनगटाची नाडी जेमतेम लागते, आणि नखावर दाबून सोडल्यावर पांढुरकी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला तीन सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. शरीराच्या टोकांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही, म्हणजे मूल शॉकमध्ये चालले आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात येते. अशा वेळी काय करायचे हे कित्येक वर्षे जवळजवळ ठरलेले होते : शीर मिळवायची आणि वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटर या हिशेबाने सलाईन वेगाने आत सोडायचे. १५ किलोच्या मुलाला ३०० मिलिलिटर. परिचारिका मोठी सिरिंज तोटीला जोडते, सलाईन ओढून घेते, तोटी फिरवते, दट्ट्या दाबते, पुन्हा ओढून घेते. थोड्या वेळाने नाडी भरल्यासारखी वाटते, हात कोमट होतात आणि खोलीतल्या सगळ्यांना हायसे वाटते. वेगाने दिलेल्या या मात्रेला डॉक्टर ‘बोलस’ म्हणतात.

बोलसने खरोखर जीव वाचतात का, हे तपासून पाहणारी एक मोठी चाचणी युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतील रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ‘फीस्ट’ या नावाने ती ओळखली जाते. तीव्र ताप आणि मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या ३,१४१ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तीन गट करण्यात आले. एका गटाला साध्या सलाईनचा बोलस मिळाला, दुसऱ्याला अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावणाचा, आणि तिसऱ्या गटाला बोलस न देता रोजच्या गरजेपुरते द्रव सावकाश देण्यात आले. प्रतिजैविके, मलेरियाची औषधे, ऑक्सिजन, गरजेनुसार रक्त हे बाकीचे उपचार तिन्ही गटांना सारखेच होते. ४८ तासांत अल्ब्युमिनच्या गटातील १०.६ टक्के, सलाईनच्या गटातील १०.५ टक्के आणि बोलस न मिळालेल्या गटातील ७.३ टक्के मुले दगावली. देखरेख समितीच्या सल्ल्यावरून चाचणी नियोजित संख्या पूर्ण होण्याआधीच थांबवण्यात आली. ज्या उपचाराने वाचवायचे, त्यानेच दर शंभर मुलांमागे सुमारे तीन मृत्यू जास्त झाले होते.

या निष्कर्षाने बालरोग क्षेत्रात मोठी खळबळ उडाली आणि त्याच्यावर शंकाही पुष्कळ घेतल्या गेल्या. सलाईनमुळे फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचले असावे, असा पहिला तर्क होता. नंतर मृत्यूंच्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा जास्तीच्या मृत्यूंमागे मुख्यतः रक्ताभिसरणच कोसळल्याचे दिसले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट. पहिल्या तासाभरात शॉकची लक्षणे ओसरण्याचे प्रमाण बोलस मिळालेल्या मुलांमध्येच जास्त होते. म्हणजे खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांना जे दिसत होते ते खोटे नव्हते. नाडी खरोखरच सुधारत होती. फक्त त्या सुधारणेचे पुढे काय होते, हे तासाभरात दिसणारे नव्हते, आणि एकेका मुलाकडे पाहून ते कधीच कळले नसते. दहा मुले दगावतात की सात, हा फरक हजारो मुलांची काळजीपूर्वक तुलना केल्याशिवाय कोणत्याही अनुभवी डोळ्याला टिपता येत नाही.

मात्र ‘बोलस घातक असतो’ एवढाच निष्कर्ष या चाचणीतून काढणेही चुकीचे ठरते. या रुग्णालयांत व्हेंटिलेटरची सोय नव्हती, निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता, अनेकांच्या अंगात रक्त अतिशय कमी होते, आणि जुलाब-उलट्यांमुळे कोरडी पडलेली, भाजलेली किंवा अपघातात जखमी झालेली मुले मुळातच चाचणीत घेतलेली नव्हती. जुलाबांनी शरीरातले पाणी गेलेल्या मुलाला द्रव द्यावेच लागते. म्हणून मुलांमधील सेप्सिसविषयी (जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणे) २०२० साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दोन वेगळ्या वाटा सांगितल्या. जिथे अतिदक्षता विभाग उपलब्ध आहे, तिथे दर किलोमागे १० ते २० मिलिलिटरचे बोलस एकेक करून, प्रत्येक वेळी मूल पुन्हा तपासून, पहिल्या तासात एकूण ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत द्यावेत आणि यकृत वाढू लागले किंवा फुफ्फुसात पाणी साचल्याची चिन्हे दिसली की थांबावे. जिथे तशी सोय नाही आणि रक्तदाब पडलेला नाही, तिथे बोलस न देता सावकाश द्रव सुरू करावे. एकाच आजाराला जागेनुसार दोन उत्तरे असणे विचित्र वाटेल, पण बोलसनंतर बिघडलेल्या मुलाला सावरण्याची साधने जवळ आहेत की नाहीत यावर बोलसचा धोका ठरत असेल, तर उत्तर वेगळे असणेच रास्त आहे.

श्वास आधी थांबतो

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोग शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितले जाते. तरीही अतिदक्षतेतील किती तरी पद्धती प्रौढांवरच्या संशोधनातून उचलून, वजनाच्या प्रमाणात लहान करून मुलांना लावल्या गेल्या. हृदयक्रिया बंद पडण्याच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो.

प्रौढ माणूस अचानक कोसळतो तेव्हा अनेकदा हृदयाची लयच एकाएकी बिघडलेली असते. त्या क्षणापर्यंत फुफ्फुसे नीट चाललेली असतात आणि रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. मुलाचे बहुधा उलटे घडते. न्यूमोनिया, दमा, बुडणे, श्वासनलिकेत काही अडकणे किंवा तीव्र जंतुसंसर्ग यांपैकी काहीतरी आधी श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडवते, प्राणवायू घटत जातो, हृदयाचे ठोके मंद होत जातात आणि शेवटी हृदय थांबते. हृदय थांबेपर्यंत प्राणवायूचा साठा संपलेला असतो. त्यातच वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाला लागणारा प्राणवायू प्रौढाच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे ही घसरण झपाट्याने होते.

प्रौढ व्यक्ती रस्त्यात कोसळली, तर तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटणाऱ्याने निदान छाती तरी दाबत राहावी, असा सल्ला आता सगळीकडे दिला जातो आणि तो योग्यच आहे. मुलांना तो तसाच लागू होतो का, याचे उत्तर जपानमधील देशव्यापी नोंदींतून मिळाले. २००५ ते २००७ या काळात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ५,१७० मुलांच्या नोंदी तपासून २०१० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकाराव्यतिरिक्त इतर कारणाने हृदय थांबलेल्या मुलांना छाती दाबण्याबरोबर श्वासही दिला गेला असेल, तर महिन्याभराने मेंदू शाबूत राहून जगलेल्यांचे प्रमाण ७.२ टक्के होते. फक्त छाती दाबली गेलेल्यांमध्ये ते १.६ टक्के होते. कारण हृदयाचेच असेल, तर दोन्ही पद्धतींमध्ये फारसा फरक नव्हता. म्हणून मुलांच्या बाबतीत श्वास देणे हा उपचाराचा गाभा मानला जातो : एकटा माणूस असेल तर ३० दाबांमागे २ श्वास आणि दोन प्रशिक्षित माणसे असतील तर १५ दाबांमागे २ श्वास.

श्वासनळीत नळी घातल्यानंतर श्वास किती वेगाने द्यावेत, याची कथाही अशीच आहे. प्रौढांना मिनिटाला दहा श्वास पुरतात, म्हणून मुलांनाही दहाच सांगितले जात होते. अतिदक्षता विभागातल्या प्रत्यक्ष नोंदींमध्ये त्याहून जास्त वेगाने श्वास मिळालेल्या मुलांचे निकाल चांगले दिसले, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० च्या सूचनांमध्ये हा वेग मिनिटाला २० ते ३० असा वाढवला. ज्या अभ्यासावर हा बदल बेतला तो अगदी छोटा होता, हेही सांगायला हवे. बालअतिदक्षतेतले बरेचसे नियम अशाच तुटपुंज्या पुराव्यावर उभे आहेत.

दोन अंगठ्यांखाली काय चालते

तान्ह्या बाळाचे हृदय थांबले तर दोन्ही हातांची बोटे बाळाच्या पाठीमागे नेऊन छातीला विळखा घालतात आणि दोन्ही अंगठे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवून दाब देतात. दाब छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खोल जायला हवा. तान्ह्या बाळात तो साधारण ४ सेंटिमीटर भरतो, मोठ्या मुलात ५. वेग मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक दाबानंतर अंगठे सैल सोडून छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलतो, आणि चुकते ते नेमके इथेच.

वर येऊ देण्याचे महत्त्व कशात आहे, हे कळले की या विषयातले बरेच संशोधन समजते. छाती दाबल्यावर रक्त हृदयातून बाहेर पडून मेंदूकडे जाते, पण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दाब सोडलेल्या क्षणी. त्या क्षणी महाधमनीत जितका दाब शिल्लक राहील, तितके रक्त हृदयाच्या धमन्यांत शिरते, आणि ते शिरले तरच हृदय पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. अतिदक्षता विभागातील अनेक मुलांच्या धमनीत आधीच बारीक नळी घातलेली असल्यामुळे हा दाब पडद्यावर सतत दिसतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १६४ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छाती दाबत असताना ज्यांचा दोन दाबांमधला रक्तदाब (वर्षाच्या आतील बाळांमध्ये किमान २५ आणि त्याहून मोठ्या मुलांमध्ये किमान ३० मिलिमीटर पारा) राखला गेला होता, त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती.

यावरून पुढची पायरी सरळ दिसत होती. कर्मचाऱ्यांना खाटेजवळच वारंवार थोडा थोडा सराव द्यायचा, पुतळ्यावर छाती दाबायला लावून खोली आणि वेग लगेच दाखवायचा, आणि प्रत्येक प्रत्यक्ष घटनेनंतर सगळ्यांनी बसून रक्तदाबाचा आलेख पाहायचा : कुठे घसरला, कोणाचे हात दमले होते, औषध कधी गेले. अमेरिकेतील १८ बालअतिदक्षता विभागांनी ही योजना टप्प्याटप्प्याने राबवली आणि ११२९ घटनांचा हिशेब २०२२ साली मांडला. मेंदू चांगल्या स्थितीत राहून घरी गेलेल्या मुलांचे प्रमाण योजनेनंतर ५३.८ टक्के होते आणि योजनेशिवाय ५२.४ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नाही.

हा निकाल निराश करणारा असला, तरी पोकळ नाही. पहिली गोष्ट म्हणजे सराव न दिलेल्या गटातच निम्म्याहून अधिक मुले चांगल्या स्थितीत घरी गेली होती. अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या नोंदींनुसार रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या मुलांपैकी घरी जिवंत जाणाऱ्यांचे प्रमाण २००० साली १४.३ टक्के होते आणि २००९ पर्यंत ते ४३.४ टक्क्यांवर गेले होते. जिथे सुधारणा आधीच झालेली आहे, तिथे आणखी सुधारणा दाखवणे अवघड असते. हीच योजना कमी सराव असलेल्या ठिकाणी राबवली तर काय होईल, हा प्रश्न खुला राहतो. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. जास्त रक्तदाब राखला गेलेली मुले जास्त जगली, यावरून रक्तदाब वाढवल्याने मुले जगतील असे सिद्ध होत नाही. कदाचित ज्यांचे हृदय मुळात बरे होते त्यांचाच दाब चांगला राहिला असेल. नुसत्या नोंदी आणि चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यांत फरक पडतो तो इथे.

औषधाच्या बाबतीत हा धडा त्याआधीच मिळालेला होता. हृदय थांबल्यावर अ‍ॅड्रेनलिन देतात, दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पहिल्या मात्रेने हृदय सुरू झाले नाही तर पुढची मात्रा दहापट द्यावी, असा विचार एकेकाळी बराच रूढ होता. ब्राझीलमध्ये ६८ मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहापट मात्रा मिळालेल्या ३४ मुलांपैकी एक मूल २४ तासांनंतर जिवंत होते. नेहमीचीच मात्रा पुन्हा मिळालेल्या ३४ पैकी सात. त्यानंतर दहापट मात्रेचा सरसकट वापर मागे पडला. (मात्रा दहापट होण्याचा धोका हिशेब चुकल्यानेही असतो. घाईत दशांश चिन्ह एक घर सरकले की पुरे. मुलाला खाटेवर झोपवून उंची मोजली की वजनाचा अंदाज आणि औषधांच्या मात्रा थेट रंगीत पट्ट्यावर वाचता येतील, अशी ब्रोसलो या डॉक्टरांची मोजपट्टी १९८० च्या दशकात आली ती याच कारणाने. ती निघण्यासाठी फार खोल विज्ञान लागले नाही, पण तिचा उपयोग फार मोठा आहे.)

कमी देऊन पाहण्याचे धाडस

अतिदक्षता विभागात मुलाच्या उशाशी पडदा असतो आणि त्यावर आकडे असतात. आकडा कमी दिसला की तो वर आणावासा वाटतो, आणि तसे करणे म्हणजेच काळजी घेणे, अशी भावना असते. गेल्या वीस वर्षांतल्या काही उत्तम चाचण्यांनी नेमके याच भावनेला हात घातला.

हिमोग्लोबिन किती उतरले म्हणजे रक्त द्यावे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिर झालेल्या ६३७ मुलांपैकी एका गटाला हिमोग्लोबिन ९.५ ग्रॅमच्या खाली गेल्यावर आणि दुसऱ्याला ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देण्यात आले. अवयव निकामी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १२ टक्केच होते, पण वाट पाहणाऱ्या गटाला ४४ टक्के कमी वेळा रक्त चढवावे लागले. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणाची कथा याहून धक्कादायक आहे. आजारी मुलाला उपाशी ठेवणे कोणालाच पटत नाही, म्हणून तोंडाने किंवा नळीने पुरेसे अन्न जात नसेल तर पहिल्या दिवसापासून शिरेतून पोषण द्यायची रीत होती. तीन केंद्रांत १,४४० मुलांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे शिरेतले पोषण एका गटाला लगेच आणि दुसऱ्या गटाला आठवडाभर थांबून देण्यात आले. थांबलेल्या गटात नव्याने जंतुसंसर्ग झालेली मुले १०.७ टक्के होती, तर लगेच पोषण मिळालेल्या गटात १८.५ टक्के, आणि थांबलेली मुले अतिदक्षता विभागातून लवकर बाहेरही पडली. गंभीर आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर पेशींची आतली साफसफाई करत असते आणि बाहेरून ओतलेले पोषण त्या कामात अडथळा आणत असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवण्यासाठी इन्शुलिन देण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांतही मुलांचा अपेक्षित फायदा झाला नाही. उलट साखर धोकादायक पातळीवर घसरण्याचे प्रसंग वाढले.

ऑक्सिजनचे उदाहरण सर्वांत अलीकडचे. बोटाला लावलेल्या चिमट्यात ९८ दिसले की आईवडिलांनाही बरे वाटते. ब्रिटनमधील १५ बालअतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवर असलेल्या २,०४० मुलांच्या चाचणीत एका गटाची पातळी ९४ च्या वर आणि दुसऱ्याची जाणीवपूर्वक ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या निकालात कमी पातळीच्या गटाला अवयवांसाठी यंत्रांच्या आधाराची गरज किंवा मृत्यू, अशा एकत्रित मापावर थोडासा पण खरा फायदा दिसला. फायदा छोटा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा बातम्या पसरताना ‘ऑक्सिजन वाईट’ अशा होऊन पसरतात. आणि ही पातळी जन्मजात हृदयदोषासारख्या काही विशिष्ट अवस्था सोडून, चोवीस तास देखरेख असलेल्या मुलांसाठी होती. घरी धाप लागलेल्या मुलाचा चिमटा ९० दाखवत असेल, तर या चाचणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला तातडीने रुग्णालयात न्यायचे.

संमती कधी घ्यायची

अशा चाचण्यांविषयी वाचताना कोणालाही पडणारा प्रश्न असा : मुलाचे प्राण कंठाशी आलेले असताना चिठ्ठ्या टाकायला आईवडील कसे तयार होतात? काही देशांत अनेकदा त्यांना तेव्हा विचारलेच जात नाही, आणि हे तिथल्या कायद्याला धरूनच असते.

मुलाला झटका (आकडी) आला आहे, पहिल्या औषधाने तो थांबलेला नाही, आता दुसरे औषध द्यायचे आहे. फेनिटॉइन द्यायचे की लेव्हेटिरासिटाम? दोन्ही वापरात आहेत, कोणते सरस हे कोणालाच नक्की माहीत नाही. अशा क्षणी आईसमोर माहितीपत्रक धरून सही मागणे म्हणजे संमतीचे नाटक करणे होय. तिला त्यातला शब्दही उमजणार नाही, आणि तोवर औषधाला उशीर होईल. ब्रिटनमध्ये २००८ पासून काही कडक अटींवर अशा चाचणीत आधी उपचार सुरू करून, प्रसंग निवळल्यावर पालकांना सर्व सांगून, मुलाची माहिती वापरण्यासाठी त्यांची संमती मागता येते. वरच्या दोन औषधांची तुलना तेथील ३० रुग्णालयांत याच पद्धतीने झाली. २०१९ साली कळले की दोन्ही औषधांत निर्णायक फरक नाही. ऑक्सिजनची चाचणीही याच पद्धतीने पार पडली. फीस्टमध्ये ज्या पालकांना त्या घटकेला सविस्तर ऐकून घेणे शक्य नव्हते, त्यांच्याकडून आधी थोडक्यात तोंडी होकार आणि नंतर रीतसर संमती घेतली गेली.

यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे संमती मागण्याआधीच मूल गेलेले असणे. त्या कुटुंबाला पत्र पाठवायचे का, आणि कधी? काहीच न कळवता त्या मुलाची माहिती वगळली, तर चाचणीतले मृत्यूच हिशेबातून गळतील आणि निकाल धोकादायकरीत्या खोटा ठरेल. ज्यांच्यावर असा प्रसंग आला होता त्या पालकांनाच विचारून ब्रिटनमध्ये यासाठी सूचना तयार केल्या गेल्या. पालकांचा एकूण सूर असा होता की त्या घाईत आम्हाला विचारू नका, पण नंतर प्रत्यक्ष भेटून, सविस्तर आणि खरे ते सांगा. वर्तमान नियमांवर वाद असू शकतो, आणि असावा. पण पुरावा नसलेला उपचार संमतीविना रोज दिला जातोच, फक्त त्याला चाचणी म्हणत नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

आजाराला नाव देण्यासाठी

चाचणी करायची तर आधी आजाराची व्याख्या हवी. मुलांमधील सेप्सिससाठी २००५ सालचे निकष तापमान, ठोके, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांवर आधारलेले होते, आणि साध्या विषाणूजन्य तापातही ते सहज पूर्ण होत. २०२४ साली आलेल्या ‘फीनिक्स’ निकषांसाठी वेगवेगळ्या खंडांतील दहा रुग्णालयांतल्या मुलांच्या ३० लाखांहून अधिक भेटींच्या नोंदी वापरल्या गेल्या. संसर्गाची शंका असलेल्या मुलाला श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू यांच्या बिघाडानुसार गुण द्यायचे, आणि गुण दोन किंवा अधिक झाले तर त्याला सेप्सिस म्हणायचे. ही व्याख्या पुढच्या संशोधनात सारख्याच मुलांची तुलना व्हावी म्हणून आहे. उपचार सुरू करण्यासाठी दोन गुण होण्याची वाट पाहायची नसते.

एका वर्षानंतरचा फोन

शेवटी, यश कशाला म्हणायचे? पूर्वी मूल जगले की चाचणी यशस्वी ठरत असे. आता जगणारी मुले वाढली आहेत, आणि अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या अनेक मुलांना महिनोन्महिने अशक्तपणा, झोपेच्या तक्रारी, भीती, अभ्यासात मागे पडणे असे त्रास होतात, पालक आणि भावंडेही त्यातून सुटत नाहीत, हे स्पष्ट होऊ लागले आहे. २०१८ साली या सगळ्याची एकत्र मांडणी करण्यात आली आणि संशोधकांना मोजण्यासाठी एक नवी बाजू मिळाली.

हृदय पुन्हा सुरू झालेल्या, पण शुद्धीवर न आलेल्या मुलांचे शरीर थंड ठेवले तर मेंदू वाचतो का, याची अमेरिका आणि कॅनडात झालेली चाचणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या मुलांचे तापमान एका गटात आधी दोन दिवस ३३ अंश सेल्सिअसवर आणि मग ३६.८ वर, तर दुसऱ्यात सुरुवातीपासून ३६.८ वर, असे एकूण पाच दिवस राखले गेले. तीसहून अधिक रुग्णालये, आणि तरीही काही वर्षांत तीनशेच्या आतच मुले. ही घटना दुर्मीळ आहे हे चांगलेच, पण संशोधनासाठी तीच मोठी अडचण आहे. २०१५ सालच्या निकालात थंड ठेवलेल्यांपैकी २० टक्के आणि दुसऱ्या गटातील १२ टक्के मुले वर्षभरानंतर चांगल्या स्थितीत होती. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण एवढ्या थोड्या मुलांत तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून थंडाव्याचा फायदा सिद्ध झाला असे म्हणता आले नाही. रुग्णालयात हृदय थांबलेल्या मुलांच्या जोड चाचणीत तर ३६ आणि ३९ टक्के असा जवळजवळ सारखाच निकाल आला. दोन्ही गटांत ताप मात्र चढू दिला नव्हता, आणि तेवढी काळजी आज सगळीकडे घेतली जाते. शरीर किती तास थंड ठेवावे, हे आता ‘पी-आइसकॅप’ नावाच्या नव्या चाचणीत वेगवेगळ्या कालावधींची तुलना करून तपासले जात आहे.

हे २० आणि १२ टक्के कोणत्याही यंत्राने मोजलेले नव्हते. घटनेला वर्ष झाल्यावर प्रशिक्षित मुलाखतकार घरी फोन करत आणि मुलाची सगळ्यात जास्त काळजी वाहणाऱ्या माणसाला ठरलेल्या यादीनुसार विचारत : मूल आपण होऊन काय काय करते, बोललेले त्याला कळते का, हाताने जेवते का, कपडे स्वतः घालते का, दुसऱ्या मुलांबरोबर खेळते का.